सही होईपर्यंत धुवण ओतू नये

सिंकच्या वर भिंतीला एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘सही होईपर्यंत धुवण ओतू नये.’ अक्षर गोल, सुटं सुटं, पाटीवर गिरवल्यासारखं. पुठ्ठ्याचे कोपरे ओलाव्याने फुगले होते. लिहिणारीला जाऊन सात महिने झाले होते आणि पुठ्ठा काढायला कोणाचा हात धजला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी थेंबमास्तरांनी तो पुठ्ठा दोनदा वाचला, हात पुसले आणि मालकाच्या खोलीत जाऊन सांगितलं, “मी सही करणार नाही.”

मालक म्हणजे त्यांचा मेहुणाच, बायकोचा धाकटा भाऊ. ही तपासणीची प्रयोगशाळा त्याची. कारखान्यांकडून रसायनं यायची. ती पाण्यात किती विरघळतात, कधी वितळतात, हवेत किती उडतात, हे इथे मोजून कागदावर लिहून द्यायचं, असा धंदा. वीस वर्षांपूर्वी दोन खोल्यांत सुरुवात झाली तेव्हा माणसं तीनच होती. मेहुणा गिऱ्हाईकं आणायचा, मास्तर मोजायचे आणि मास्तरांची बायको काचेची भांडी धुवायची. आता खोल्या दहा झाल्या होत्या, दारावर पाट्या लागल्या होत्या, पण पाण्याचं काम मास्तरांकडेच राहिलं होतं. मिनिटाला किती थेंब पडतात हे ते घड्याळाकडे न बघता सांगायचे. थेंबमास्तर हे नाव त्यावरून पडलं.

“बसा तरी, भावजी,” मेहुणा म्हणाला. “सही नाही म्हणजे काय? आकडा चुकलाय का?”

“आकडा नाहीच आहे. आकड्याच्या जागी लिहिलंय, विरघळत नाही.”

“मग नाही विरघळत.”

“वीस वर्षांत पाण्यात मुळीच न विरघळणारं काही माझ्या हाताला लागलेलं नाही. कमी विरघळतं. फार कमी विरघळतं. नाही, असं नसतं.”

पदार्थ होता एक पांढरी, मेणासारखी भुकटी. तंबूच्या आणि छत्रीच्या कापडाला ती चोपडली की पाणी घसरून जातं. बनवणाऱ्याला कागद हवा होता, की लिटरभर पाण्यात ती एक मायक्रोग्रॅमसुद्धा विरघळत नाही. मिठाच्या एका बारीक कणाचे साठ तुकडे करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढा तो मायक्रोग्रॅम. आकडा एकाच्या आत आला की पुढची माशांवरची लांबलचक चाचणी करावी लागत नाही. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

“मशीनला काही दिसलं नाही भावजी. मी माझ्या मनाचं लिहिलेलं नाही.”

“मशीनपर्यंत पोचलं असतं तर दिसलं असतं. धुवण दाखव म्हटलं तर दाखवशील?”

“प्लास्टिकच्या नळीचं कसलं धुवण? वापरायची आणि फेकायची.”

“तेच म्हणतोय मी.”

दोन महिन्यांपूर्वी प्लास्टिकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या गाळण्या आल्या होत्या. भुकटी पाण्यात घालायची, दोन दिवस घुसळायची, पाणी गाळणीतून नळीत घ्यायचं, नळी मशीनला लावायची, मग सगळं कचऱ्यात. धुणारं माणूसच राहिलं नाही तर धुणं कशाला ठेवायचं, असं मेहुणा म्हणाला होता. तेव्हा मास्तर काही बोलले नव्हते. तेव्हा ते कशावरच काही बोलत नव्हते.

मेहुण्याने तोंडावरून हात फिरवला. “ताई असती ना, तर तिनं समजून घेतलं असतं.”

“ताई असती तर तुझा कान धरून तुला सिंकपाशी उभा केला असता.”

मेहुण्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण तो लगेच सावरला. “पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता त्यांचा माणूस येतोय. तुमची सही नसेल तर मी दुसऱ्याची घेईन.”

“मोजणाऱ्याचीच सही लागते. हा नियम मी नाही केला, तूच केलास. आणि मोजलंय मी. माझ्या हातून मोजलेल्याला मी खोटं म्हणतोय, म्हणजे बघ.”

मास्तर तिथून निघाले ते थेट मशीनच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेले आणि गुडघे टेकून आत हात घातला.

मशीन चालवणारी बाई पंचेचाळिशीची, चष्मा डोक्यावर चढवलेला, जीभ कात्रीसारखी. तिला सगळे मशीनबाई म्हणायचे आणि तिची ना नव्हती. “मास्तर, काय शोधताय? अंगठी पडली का?”

“आकडा पडलाय.”

“सापडला तर मलाही दाखवा. सकाळपासून सरळ रेघ बघून डोळे गेले माझे.”

सात नळ्या आणि सात गाळण्या सापडल्या. मास्तरांनी त्या थोड्याशा द्रावकाने, म्हणजे मेण विरघळवणाऱ्या रसायनाने, धुतल्या, सगळं धुवण एका बाटलीत गोळा केलं, बाटलीवर तारीख घातली. त्यातलं थोडं मशीनबाईपुढे ठेवलं. पाऊण तासाने तिने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

“अगं बाई. हा डोंगर कुठून आला?”

“नळीच्या भिंतीवरून. माल पाण्यात होता. नळीनं पिऊन टाकला.”

मेणासारख्या वस्तूला पाण्यात करमत नाही. जवळ प्लास्टिक दिसलं की ती पाणी सोडून तिकडे जाऊन बसते. काचेवरही बसते, पण काच धुतली की घेतलेलं परत देते. हे मास्तरांच्या बायकोने कुठे शिकून काढलेलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की काही बाटल्या तीनदा धुतल्या तरी बोटाला बुळबुळीत लागतात. मग ती रिकामी झालेली प्रत्येक बाटली थोड्या द्रावकाने विसळायची आणि ते विसळलेलं वेगळं ठेवायची. सुरुवातीला मेहुणा हसला होता. ताई, घाणीचा संग्रह करतेस का, म्हणाला होता. मग एकदा एका कामात अर्धा माल हिशोबातून गायब झाला, चार दिवस सगळे एकमेकांवर खेकसले, आणि शेवटी तो तिच्या बाटलीत निघाला. त्या दिवशी पुठ्ठा लागला. तिच्या हातचं शेवटचं धुवण अजून सिंकवरच्या फळीवर होतं, तपकिरी बाटलीत, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. त्या कामाच्या अहवालावर सगळ्यांच्या सह्या होऊन सहा महिने उलटले होते. बाटली तशीच होती.

मास्तर मशीनचा कागद घेऊन परत मेहुण्याकडे गेले. त्याने तो नीट वाचला. मेहुणा मूर्ख नव्हता, आणि हीच तर अडचण होती.

“हे न विरघळलेले कण असतील भावजी. घुसळताना बारीक भुकटी पाण्यात तरंगते. ती अडवायला तर गाळणी लावतो आपण. तुम्ही गाळणी धुतलीत आणि म्हणता माल सापडला. गाळणीत गाळ सापडणारच.”

मास्तरांनी मशीनचा कागद परत घेतला. ते दारात थांबले. “मग घुसळायचं नाही आणि गाळायचंही नाही,” ते म्हणाले. “नळकांडं लावतो.”

“आठ दिवस जातील त्यात.”

“आहेत की आठ दिवस.”

नळकांडं म्हणजे हातभर लांबीची काचेची नळी, तिच्याभोवती दुसरी काच, मधून वीस अंशांचं पाणी फिरत राहतं म्हणजे आतलं तापमान हलत नाही. ते कपाटाच्या माथ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यात खसखशीएवढे काचेचे मणी भरायचे. पण आधी भुकटी द्रावकात विरघळवून त्यात मणी घोळवायचे आणि द्रावक उडू द्यायचं, म्हणजे प्रत्येक मण्याच्या अंगावर मालाचा पातळ थर बसतो. मग वरून शुद्ध पाणी सोडायचं, थेंब थेंब. पाणी मण्यांच्या अंगाला लागून खाली येतं आणि त्याला पेलवेल तेवढाच माल उचलतं. घुसळण नाही, गाळणी नाही, सगळी काच.

मणी घोळवायचं काम कायम बायकोचं होतं. प्रमाण वहीत लिहिलेलं होतं, ते मास्तरांनी पाळलं. वहीत नसलेली एक गोष्ट ती शेवटी करायची. आपल्या कपाटातून काहीतरी काढून आणायची आणि मणी त्यावर खेळवायची. एवढं त्यांना आठवत होतं. तिचं कपाट धुण्याच्या खोलीत होतं, हिरवं, पत्र्याचं. सात महिन्यांत ते उघडलं नव्हतं. मास्तरांनी कपाटाकडे पाठ करून मणी नळकांड्यात भरले. तेवढ्यावाचून काय अडतंय, असं ते स्वतःशी म्हणाले.

सोमवारी दुपारपर्यंत लागोपाठ पाच नमुने आले. मिनिटाला वीस थेंबांच्या धारेवर एक्केचाळीस, अडतीस, चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. मास्तर वही घेऊन मेहुण्याच्या खोलीत गेले. खोलीत आणखी दोन माणसं बसली होती. बसू देत, त्यांना वाटलं.

“चाळीस,” ते म्हणाले. “तुझ्या शून्याचे चाळीस झाले.” आणि दार उघडंच ठेवून निघून आले.

मशीनबाईने विचारलं, “अर्ध्या धारेवर बघितलंत का?”

“बघतो आता.”

“आधी बघून मग ढोल वाजवतात, मास्तर.”

खरं होतं ते. आकडा बसला की धार निम्मी करून पुन्हा मोजायचं, हा या कामातला नियमच आहे. माल खरोखर विरघळलेला असेल तर पाणी हळू जावो की जलद, आकडा तोच येतो. धार कमी केल्यावर आकडा पडला, तर समजायचं की पाणी माल विरघळवत नव्हतं, ओरबाडून आणत होतं. मास्तरांना हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण सात महिन्यांत पहिल्यांदा कोणालातरी काहीतरी सुनवावंसं वाटलं होतं, आणि ते सुनावून झालं होतं. त्यांनी धार दहा थेंबांवर आणली आणि घरी गेले.

त्या संध्याकाळी त्यांना भूक लागली. लेकीचा फोन आला तेव्हा ते चक्क जेवत होते.

“बाबा, आवाज बरा वाटतोय आज.”

“तुझ्या मामाला हरवलं.”

“भांडलात?”

“भांडलो नाही. मोजलं.”

“तुम्ही दोघं आईसाठी रडायचं सोडून आकड्यांवरून भांडताय,” लेक म्हणाली. “इकडे या म्हणते तर येत नाही. थोडं विसरायला शिका ना, बाबा. सगळे शिकतात.”

“सगळे शिकले असतील. मी नापास.”

मंगळवारी सकाळी मशीनबाईने मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला नाही, म्हणून मास्तर स्वतःच वाकून बघायला गेले. चोवीस. पुढचा नमुना बावीस.

मशीनबाईने दार लोटून घेतलं.

“मी काही बघितलं नाही,” मशीनबाई म्हणाली. “चाळीस त्यांना सांगून झालंय. अर्ध्या धारेचं त्यांच्या लक्षातही नाही. आणि शून्य खोटं आहे हे तर तुम्हाला मला माहीत आहे. अळीमिळी गुपचिळी.”

मास्तर स्टुलावर बसले. मोह झाला नाही असं नाही. शून्य खोटं होतं, चाळीस खोटं होतं, पण चाळीसच्या खोट्याने कोणाचं वाईट होणार नव्हतं, नदीतल्या माशांचं तर भलंच होतं. त्यांनी वही उघडली, सोमवारचं पान बघितलं. मग आतल्या खिशातून मेहुण्याचा तो ‘विरघळत नाही’ लिहिलेला, सही न केलेला कागद काढला आणि शेजारी ठेवला. दोन्हीकडे आकडा आधी ठरलेला आणि मोजणं मागून आलेलं.

“असं केलं तर मी त्याच्यावर कुठल्या तोंडानं चिडू?” ते म्हणाले.

“न चिडता राहायचं. लोक राहतात.”

“मला चिडायचंय.”

मेहुणा फोनवर होता. मास्तर समोर उभे राहिले. फोन खाली ठेवल्यावर म्हणाले, “चाळीस चूक आहे. मणी नीट झाले नव्हते. माझी चूक.”

मेहुणा खुर्चीत मागे रेलला. त्याला हसता आलं असतं, पण तो हसला नाही. ते जास्त लागलं. “काल चार माणसांत मला सांगून गेलात चाळीस. आज म्हणता चूक. मग खरा आकडा किती?”

“माहीत नाही.”

“मग माझं शून्य काय वाईट?”

“तुला माहीत नाही हे तू लिहीत नाहीस, ते वाईट. मी तोंडघशी पडलो ते तुझ्यासमोर येऊन सांगतोय. शुक्रवारी सकाळपर्यंत दम धर.”

“भावजी,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. हे मालक म्हणून नाही बोलत.”

“विश्रांतीच चाललीय सात महिने. तिनं काही होत नाही.”

मग धुण्याच्या खोलीत जाऊन मास्तरांनी हिरवं कपाट उघडलं. कुलूप नव्हतंच. आत खुंटीला तिचा ॲप्रन होता, कोपरांवर पिवळा पडलेला. खाली रबरी हातमोजे, हाताला लावायच्या मलमाची चेपलेली ट्यूब, दोन केसांच्या पिना. ॲप्रनच्या खिशात चौकोनी घडी घातलेलं काळं कापड होतं. मास्तरांनी ॲप्रनला नाक लावलं नाही. त्यांना माहीत होतं, लावलं तर मंगळवार गेला. कापड घेतलं आणि कपाट लावून टाकलं.

कापड छत्रीचं होतं. कडेला हातशिलाई, एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली. त्यांनी नळकांड्यातले चमचाभर मणी वाळवून त्यावर टाकले आणि कापड दोन्ही हातांनी धरून मणी इकडून तिकडे खेळवले. मणी उचलले तर काळ्यावर पांढरी पूड. इतकी, की बोटाने नाव लिहावं. माल मण्यांवर बसलेला नव्हता, नुसता सांडलेला होता. जोरात पाणी आलं की तीच पूड वाहून खाली येत होती आणि मास्तर तिला आकडा समजत होते. ही गोष्ट वहीत नव्हती, कारण करणारीला ती लिहिण्यासारखी वाटलीच नव्हती. आणि विचारणाऱ्यालाही विचारण्यासारखी वाटली नव्हती. वीस वर्षं एका सिंकपाशी उभं राहून.

त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. कमी माल घेतला. मणी घोळवले, द्रावकाचा वास पुरता जाईपर्यंत पसरून ठेवले, मग कापडावर खेळवले. पूड आली. कापड झटकून, पुसून पुन्हा. पुन्हा पूड. सहाव्या वेळी कापड काळंच्या काळं राहिलं. तोपर्यंत बुधवारची दुपार झाली होती. मणी भरले, पाणी सोडलं, आणि पहिलं पाणी मोजलंच नाही, बाजूला काढलं. नमुन्याची प्रत्येक बाटली काचेची, आणि प्रत्येक बाटली रिकामी झाली की तिचं धुवण काढून तिच्याच हिशोबात मिळवायचं. मशीनबाई कुरकुरत दुप्पट काम करत राहिली.

“वहिनी बऱ्या होत्या,” ती म्हणाली. “तुमच्यासारख्या मानेवर बसत नव्हत्या.”

“तिला बसावं लागत नव्हतं. तू तिला घाबरायचीस.”

“घाबरायचे मी. अजून घाबरते. पुठ्ठा बघितला की हात धुते.”

गुरुवारी आकडा बसला. नऊ, नऊ, साडेआठ, नऊ, नऊ. या वेळी मास्तर वही घेऊन कुठे गेले नाहीत. धार निम्म्यावर आणली. दहा थेंब. त्यांनी मिनिटभर डोळे मिटून मोजले. दहाच होते. मग ते घरी गेले.

शुक्रवारी मशीनबाई वेळेच्या तासभर आधी आलेली होती. मास्तर आत आले तेव्हा तिने आपणहून पडदा वळवला. नऊ. खालचा नमुना नऊ. त्याखालचा नऊला थोडा कमी.

“आता वाजवा ढोल,” ती म्हणाली.

“नको. लिहितो.”

वहीत त्यांनी सोमवारचं पान खोडलं नाही. त्यावर ‘मणी कापडावर खेळवले नव्हते, आकडे धरू नयेत’ असं लिहिलं, खाली सही केली. नव्या पानावर नऊ लिहिलं. मग इतकी वर्षं कुठेच नसलेली ओळ लिहिली: ‘मणी काळ्या कापडावर खेळवावेत. पूड पडेनाशी झाली की भरावेत.’ कोणाची रीत तेही लिहिलं.

अकराला दहा कमी असताना ते मेहुण्याच्या खोलीत गेले. वही आणि तो सही न केलेला कागद टेबलावर ठेवला, शेजारी प्लास्टिकच्या नळ्यांच्या धुवणाची बाटली ठेवली, तिच्या बुडाशी काळं कापड ठेवलं, टेबलाच्या काचेवर काच नको म्हणून.

मेहुण्याने पानं वाचली, सोमवारचंही. “चाळीसचे नऊ झाले,” तो म्हणाला. “अजून आठवडा दिला तर एक होईल का?”

“वर्ष दे. नऊच राहील.”

“नऊ म्हणजे किती थोडं आहे, कल्पना आहे ना तुम्हाला?”

“मला नसेल तर कोणाला असेल? थोडं आहे. पण आहे. जे आहे त्याला नाही म्हणायला मला सांगू नकोस. सात महिने सगळे तेवढंच सांगताहेत.”

बाटली थोडी सरकवून मेहुण्याने कापडाचा कोपरा बोटांत धरला. लाल फुलीवरून अंगठा फिरवला.

“ही माझी शाळेतली छत्री,” तो म्हणाला. “वर्गात सगळ्यांच्या काळ्याच असायच्या. बदलू नये म्हणून तिनं खूण घातली होती. तारा मोडल्यावर फेकून दिली असं मला सांगितलं होतं.”

“ती काही फेकायची का?”

दारावर टकटक झाली. गिऱ्हाईकाचा माणूस आत आला, हसतमुख, हातात फाइल. बसला. मेहुण्याने वही त्याच्याकडे फिरवली आणि आकड्यावर बोट ठेवलं. माणसाचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

“आपलं बोलणं वेगळं झालं होतं,” तो म्हणाला. “विरघळत नाही असं कळवलं होतं तुम्ही.”

“कळवलं होतं,” मेहुणा म्हणाला. “मोजायच्या आधीच कळवलं होतं.”

“पुन्हा बघता येणार नाही?”

“पुन्हाच बघितलंय.”

माणसाने फाइल मिटली. “आम्ही दुसरीकडेही करून घेऊ शकतो. तुम्हाला माहीत आहे.”

मास्तर भिंतीशी उभे होते. त्यांनी मेहुण्याकडे बघितलं नाही. लहानपणी खोटं बोलताना हा पोरगा डावा कान खाजवायचा, हे त्यांना बायकोने लग्नानंतर आठवड्याभरात सांगितलं होतं.

मेहुण्याचे दोन्ही हात टेबलावर होते. “करून घ्या,” तो म्हणाला. “फक्त त्यांना सांगा, काचेत करा. आणि धुवण मागा. धुवण नाही म्हणाले तर त्यांचा आकडा घेऊ नका. हे मी फुकट सांगतोय.”

माणूस उठला. जाताना त्याने बाटलीकडे बघून विचारलं, “हे काय?”

“हे तुमचंच आहे,” मास्तर म्हणाले. “विरघळत नाही ते.”

तो गेल्यावर मेहुण्याने जुना कागद फाडला आणि नवा लिहायला सांगितला. कागद आला. नऊ मायक्रोग्रॅम, वीस अंश, दोन्ही धारांवर तोच. आधी मास्तरांनी सही केली, मग मशीनबाईला बोलावून तिची घेतली, मग मेहुण्याने केली. पेनाला टोपण लावलं. बाटली उचलून तो धुण्याच्या खोलीत गेला, आणि ती तिरकी करणार एवढ्यात मास्तर म्हणाले, “सिंकमध्ये नाही. टाकाऊच्या कॅनमध्ये. आणि बाटली विसळून ठेव.”

“मी?”

“सही तुझी शेवटची. ओतणारा तू.”

मेहुण्याने बाही वर केली. बाटली रिकामी केली, विसळली, पालथी घातली. किती वर्षांनी त्याने या खोलीत काम केलं होतं कोण जाणे, पण कुठली वस्तू कुठे असते ते त्याला माहीत होतं. हात पुसताना त्याची नजर वरच्या फळीवर गेली, तपकिरी बाटलीवर.

“ही पण ओतायची ना?” त्याने विचारलं. “त्या कामाच्या सह्या झाल्यात भावजी. सगळ्यांच्या.”

“माझी नाही झाली.”

“झालीय. मी बघितलीय.”

“कागदावर झालीय,” मास्तर म्हणाले. त्यांनी बाटलीवरची धूळ हातातल्या काळ्या कापडाने पुसली, चिठ्ठी समोर येईल अशी बाटली फिरवून ठेवली, आणि नळकांड्याचा नळ बंद करायला निघाले. तो अजून मिनिटाला दहा थेंब टाकत होता.